आधीची माती, नंतरची माती

सरांच्या डब्यात चिठ्ठी असायची. डब्याच्या वर नव्हे, आत. मेथीच्या भाजीवर ट्रेसिंग पेपरचा बोटभर तुकडा आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं, 'मेथी. सोमवार. सकाळ.' पहिल्या दिवशी मला वाटलं, बायको लिहून देत असेल, काय बाई प्रेम! मग कळलं, बायको जाऊन चार वर्षं झाली होती. स्वयंपाक सर स्वतःच करायचे आणि चिठ्ठीही स्वतःच लिहायचे.

"अहो सर, मेथी आहे हे दिसतंय की!" मी म्हणाले. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ.

"आज दिसतंय," सर म्हणाले. "उद्या दिसेलच असं नाही." चिठ्ठी काढून पुसून त्यांनी खिशात ठेवली आणि जेवायला लागले.

गंगापूर रोडला एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात आमची प्रयोगशाळा होती. माती, पाणी आणि द्राक्षाच्या पानांचे देठ तपासून रिपोर्ट द्यायचा, एवढंच काम. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी मनमाडची, वडील रेल्वेत. सकाळच्या गाडीने नाशिकला यायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. नोकरी नवीन, घरात लग्नाचा विषय रोज निघायचा आणि नोकरी आहे तोवर तो विषय पुढे ढकलता येतो हे मला कळलेलं होतं. त्यामुळे नोकरी जाईल की काय ही धास्ती माझ्या पोटात कायमची मुक्कामाला. तोंडाने फटकळ आणि आतून भित्री, असा सगळा मामला.

सरांची भीती माझ्यापेक्षा वेगळी होती, पण होती. कानावर पेन्सिल, दोन्ही टोकं काढलेली. खिशात आणखी एक. छत्रीच्या दांड्याला चिठ्ठी, किल्ल्यांना चिठ्ठी. मातीचा नमुना आला की पिशवीच्या वर एक चिठ्ठी आणि आत एक चिठ्ठी, दोन्ही पेन्सिलीने. बॉलपेन दिसला की सरांच्या कपाळावर आठ्या. आमच्याकडे कुणी फोनवरून नमुना पाठवतो म्हणाला, तर सर रेट सांगायच्या आधी विचारायचे, "पेन्सिलीने लिहिलंय ना? आत टाकलीय ना चिठ्ठी?" पलीकडचा माणूस गांगरून जायचा.

मालक तरुण होते, बागायतदार बापाचा मुलगा, स्वभावाने वाईट नव्हते. ते हात जोडायचे. "सर, तुमचं नॉलेज दांडगं आहे, मान्य. पण पब्लिकला रिपोर्ट पाहिजे, प्रवचन नको."

अजून एक खूळ होतं. पार्किंगच्या मागे हातभर मोकळी माती उरली होती. तिथे सर बुटाच्या टाचेने एक रेघ ओढायचे आणि रोज जेवण झालं की जाऊन बघायचे, आहे की गेली. कधी तिथे कुत्रं लोळायचं, कधी स्कूटरचं चाक जायचं, पाऊस आला तर तासाभरात सगळं साफ. रेघ गेली की वहीत नोंद आणि नवी रेघ. मी एकदा मागोमाग गेले, तर म्हणाले, "समज, वारा नाही, पाऊस नाही, कुत्रं नाही. मग ही रेघ किती दिवस राहील?"

"जन्मभर राहील," मी आपलं सहज म्हणाले.

सरांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, आपण काहीतरी अभद्र बोललो. ते आत निघून गेले आणि दिवसभर त्यांनी मला एकही काम सांगितलं नाही.

नाशकात येण्याआधी सर समुद्रावर होते. किनाऱ्यावर नव्हे हो, पार मधोमध, जहाजावर. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण चहा पिताना कुणी विषय काढला की सर सांगायचे आणि छान सांगायचे. पाच किलोमीटर खाली समुद्राचा तळ आहे. तिथे उजेड पोचत नाही, वारा नाही, पाऊस नाही, थंडी फ्रिजमधल्यासारखी, आणि मैलोन्‌मैल मऊ गाळ. त्या गाळावर बटाट्याएवढे काळे गोळे पडलेले असतात. त्यांत तांबं, निकेल, कोबाल्ट, मँगेनीज. एक गोळा एवढा व्हायला लाखो वर्षं लागतात. "लाखो!" असं म्हणून सर बशी खाली ठेवायचे.

"आणि तिथे राहतं कोण?" मी विचारायची, कारण पुढचं मला आवडायचं.

"केसाएवढे किडे. गाळात. रंग नसतो त्यांना, आम्ही गुलाबी रंग टाकायचो तेव्हा कुठे दिसायचे. आणि काही जीव त्या गोळ्यांना धरूनच बसलेले. बाकी सगळा गाळ, दुसरं धरायला काही नाहीच. गोळा उचलला की त्यांचं घर गेलं."

गोळे काढायचे म्हणजे खाली यंत्र फिरवावं लागणार. फिरवलं तर काय होईल हे आधी बघावं, नियम मग ठरवावेत, म्हणून एक पट्टा निवडून तिथला गाळ मुद्दाम ढवळून बघितला होता. ढवळण्याआधी माती वर आणायची, ढवळल्यावर परत आणायची, दोन्ही चाळून किडे मोजायचे. लोखंडी पेटी दोरावर खाली जायला आणि वर यायला तासन्‌तास लागायचे. वर आलेला गाळ चाळून, किडे स्पिरिटच्या बाटलीत भरून, त्यावर नाव घालायचं, हे सरांचं काम. इथपर्यंत सर रंगात यायचे. मग मी विचारायची, "मग आधी किती निघाले आणि नंतर किती?" तिथे चहा संपायचा. कप भरलेला असला तरी संपायचा.

आता माझ्या पराक्रमाची गोष्ट.

विंचूरकडून एक मावशी यायच्या. गुलाबाचे दोन प्लॉट होते त्यांचे, फुलं रोज नाशिकच्या बाजारात. हातभर काट्यांचे ओरखडे आणि आवाज असा की तळघर दणाणायचं. त्यांच्या झाडांची पानं पिवळी पडत होती म्हणून दोन पिशव्या माती घेऊन आल्या, एक वरच्या प्लॉटची, एक पाटाकडच्या. सर त्या दिवशी रजेवर. माझी गाडीची वेळ झालेली. मी बॉलपेनने पिशव्यांवर नावं लिहिली, आतली चिठ्ठी उद्या टाकू म्हटलं आणि पळाले. सकाळी येऊन बघते तर माझीच पाण्याची बाटली टेबलावर कलंडलेली, दोन्ही पिशव्या भिजलेल्या आणि नावांच्या जागी निळे ओघळ.

मावशींना परत माती आणायला सांगायचं म्हणजे मालकांना कळणार. मग मी डोकं चालवलं. दोन्ही तपासल्या. एकीत क्षार भरपूर, दुसरी बरी. आता पाटाकडची जमीन खालच्या अंगाला, पाणी झिरपणार, क्षार वर येणार, शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणजे खारी ती पाटाकडचीच असणार. तसा रिपोर्ट केला, पाटाकडच्या प्लॉटला खारेपणा उतरवायला जिप्सम टाका म्हणून लिहिलं, आणि कुणाला कळलंही नाही.

चार-पाच महिन्यांनी मावशी आल्या, हातात पिवळं पान. "जिप्सम वतून वतून पाठ मोडली, साहेब. वरच्या प्लॉटची पानं हायेत तशीच. मला काय तुमचा रिपोर्ट कळंना."

सर उठले. आमच्याकडे प्रत्येक नमुन्यातली मूठभर माती वर्षभर जपून ठेवायचा त्यांचा नियम होता. त्यांनी कपाटातून त्या दोन डब्या काढल्या, उघडल्या, आणि माझ्याकडे बघितलं. "आतली चिठ्ठी कुठाय?"

मावशी समोर होत्या. मी मान खाली घातली. त्या गेल्यावर सगळं सांगितलं, रडतरडत. मला वाटलं, आता सर फाडून खाणार. ते स्टुलावर बसले. "मग खारी पाटाकडची हे कशावरून ठरवलंस?"

"पाटाकडची खारी असणारच ना सर. नेहमी असते."

"असणारच," सर म्हणाले. दोनदा म्हणाले.

मालकांनी ऐकल्यावर कपाळाला हात लावला, पण ओरडले नाहीत. "एक काम करा, गुपचूप नवी माती मागवा, नवा रिपोर्ट द्या, फुकट द्या. बोभाटा कशाला? गिऱ्हाईक तुटेल." मला तर ते देवासारखे वाटले. सर म्हणाले, "नाही. आम्ही जाऊन सांगणार." आम्ही म्हणजे कोण, हे मला विचारायची सोयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.ने गेलो. मावशी पाटाच्या कडेला फुलं बांधत बसल्या होत्या. मी एका दमात बोलून टाकलं. पिशव्या भिजल्या, नावं गेली, मी अंदाजाने लिहिलं, चूक माझी. मावशींनी हातातली जुडी खाली ठेवली. "म्हंजे मी चार महिने उलट्याच तुकड्यात वतत होते?" आणि मग अर्धा तास मला जे काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझी लायकीच होती ती. दम लागल्यावर म्हणाल्या, "पर सांगाया आली ते बरं केलं बाई. नायतर दरसाल तिथंच वतत बसले असते. आता कळलं ना? मंग झालं. जमीन काय पळून चालली का? सुधारंल."

सर माझ्या मागे उभे होते. ते एकदम म्हणाले, "मावशी, माझीपण एक जमीन आहे. फार लांब. तिथेही मी हेच केलंय."

"मंग सांगून टाका की त्या मालकाला."

"तिथे मालक नाही."

"बिगरमालकाची जमीन कुठं असती व्हय?" मावशी हसल्या आणि आम्हाला दोघांना चहा दिला. माझ्या कपात साखर कमी होती, ते मी समजून घेतलं.

परतीच्या एस.टी.त सरांनी सांगितलं. सहा बाटल्या होत्या. तीन ढवळण्याआधीच्या, तीन नंतरच्या. समुद्र खवळलेला, सरांना उलट्या होत होत्या, पेन्सिल कुठे घरंगळली कोण जाणे. आतल्या चिठ्ठ्या राहिल्या आणि बाहेर त्यांनी मार्करने लिहिलं. खोक्यात जहाजाच्या हेलकाव्याने झाकणांतून स्पिरिट झिरपलं आणि मार्करची शाई धुऊन गेली. किनाऱ्यावर आल्यावर खोकं उघडलं तर सहा कोऱ्या बाटल्या.

"मग?"

"किडे मोजले. तीन बाटल्यांत जास्त निघाले, त्यांवर लिहिलं 'आधी'. तीन बाटल्यांत कमी, त्यांवर लिहिलं 'नंतर'. यंत्र फिरल्यावर किडे कमी असणारच." सर खिडकीबाहेर बघत होते. "आणि मग त्याच आकड्यांवरून आम्ही सिद्ध केलं, की यंत्र फिरल्यावर किडे कमी होतात."

मला हे समजायला निम्मा रस्ता लागला. समजलं तेव्हा मी विचारलं, "तुम्ही कुणाला सांगितलं?" आणि लगेच जीभ चावली. माझ्यासाठी ज्यांनी विंचूरपर्यंत तंगडतोड केली त्यांना मी हे विचारत होते. सरांनी मान हलवली. नाही. ते काम त्यांनी सोडलं, गाव सोडलं, पगार सोडला, पण सांगितलं नाही.

दोन दिवसांनी त्यांनी मला खणातलं एक लांबट पाकीट दाखवलं. जुन्या ऑफिसातून आलेलं. त्या पट्ट्याचा पक्का अहवाल तयार होत होता. पुढे कधी खरोखर यंत्रं उतरवायची झाली तर कशी फिरवायची, किती भाग हात न लावता सोडायचा, हे नियम करताना तो पुढ्यात असणार होता. आकड्यांचे तक्ते पाठवले होते, बघून सही करून द्या म्हणून. पाकिटाला पेन्सिलीची चिठ्ठी, 'उत्तर बाकी'. पाकीट येऊन सात आठवडे झाले होते.

"सर, सही करा," मी म्हणाले. मला अगदी मनापासून तसं वाटत होतं. "तुमच्या आकड्यांत नुकसान दिसतंय. म्हणजे लोक जपून वागतील. तुम्ही कबूल केलंत तर उद्या कुणीतरी म्हणेल, नुकसान झालंच नाही, चला उतरवा यंत्रं. त्या बिचाऱ्या किड्यांचंच वाटोळं होईल. आणि नुकसान तर झालं असणारच ना!"

सर माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. "पाटाकडच्या प्लॉटबद्दल तू हेच म्हणाली होतीस."

मी पाकीट खणात परत ठेवलं.

त्या आठवड्यात सरांनी डबा आणला नाही. रेघ पुसली गेली तर नवी ओढली नाही. एकदा माझ्यासमोर तक्त्यावर सही करायला पेन टेकवला आणि उचलला. मी थेंबथेंब रसायन सोडून टायट्रेशन करत होते, त्यांच्याकडे बघण्याच्या नादात नळीतून दोन थेंब जास्त पडले आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. मला सारखं वाटत होतं, यातलं काहीही केलं तरी या माणसाला चैन पडणार नाही. शनिवारी त्यांनी मला बोलावलं. इंग्रजी पत्र लिहून झालं होतं, दीड पान. सहा बाटल्यांचे नंबर, मार्कर, स्पिरिट, अंदाज. शेवटी एक वाक्य होतं. या सहा बाटल्यांतलं काय आधीचं आणि काय नंतरचं, हे मला माहीत नाही.

"रजिस्टर एडीने टाक," म्हणाले. मी पोस्टात जाऊन टाकलं. रांगेत दोनदा परत फिरावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पोचपावती आली. उत्तर काही येईना. रोज पोस्टमनची वेळ झाली की सर जिन्याखाली जाऊन उभे. मालकही विचारायला लागले, "आलं का काही सर?" शेवटी एक दिवस फोन आला. सर उभे राहून बोलले, सगळा वेळ 'हो, हो' एवढंच. फोन ठेवल्यावर सांगितलं, सहा बाटल्या हिशेबातून काढून टाकल्या. उरलेल्या बाटल्यांवरून ठाम काही सांगता येत नाही. परत जाऊन बघावं लागेल, केव्हा ते ठरलेलं नाही. आणि पलीकडून जुना सहकारी बोलत होता, तो शेवटी म्हणाला होता, "इतक्या वर्षांनी हे सुचलं तुला? आता नुकसान पुसट दिसतंय, खूश?"

त्यानंतर सर पाचेक वर्षं आमच्यात होते. काम चोख, चिठ्ठ्या तशाच, डबा परत सुरू झाला. पण मधूनच, मातीचं पाणी गाळताना, विचारायचे, "मी त्यांच्या विरुद्ध साक्ष दिली का गं?" त्यांच्या म्हणजे त्या केसाएवढ्या किड्यांच्या. मी कधी म्हणायची नाही हो सर, कधी म्हणायची तुम्ही खरं तेच सांगितलंत. एकदा मी वैतागून म्हणाले, "मला नका विचारू, मलाही भीती वाटते!" तेव्हा सर हसले. त्यांना एकदम हलकं वाटलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी मला आपल्या डब्यातली मेथी दिली, चिठ्ठीसकट.

पुढे गुडघे गेले, सर पुतणीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. खण रिकामा करायचं काम माझ्याकडे आलं. पेन्सिलींचे तुकडे, रेघांची वही आणि तो छापील अहवाल, कधीतरी पोस्टाने आलेला. तक्त्यात सहा ओळींपुढे आकडे नव्हते, खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, नोंद खात्रीची नाही, धरू नये. शेजारी सरांच्या अक्षरात पेन्सिलीने, 'चूक माझी', आणि सही. ज्या अहवालावर सही करायला त्यांना सात आठवडे पुरले नव्हते, त्यावर ही सही होती. मी ते पान बघून खूप रडले. मालकांनी पंखा लावला आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

मागची मोकळी जागाही पुढे फरशीखाली गेली. शेवटची रेघ मी बघितली होती, पण नोंद केली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मावशींचं आमच्याकडे येणं मात्र सुटलं नाही. नवी माती तपासून वरच्या प्लॉटला जिप्सम टाकल्यावर दोन हंगामांत पानं हिरवी झाली होती. सर गेल्यावर वर्षाने आल्या, दोन पिशव्या घेऊन, दोन्हींत स्वतः पेन्सिलीने लिहून टाकलेल्या चिठ्ठ्या. सर गेल्याचं मी सांगितलं. मावशींनी पिशव्या टेबलावर ठेवल्या. मग म्हणाल्या, "त्यांची ती लांबची जमीन होती ना गं, बिगरमालकाची? सुधारली का ती?"

'सुधारली असणार' हे माझ्या ओठावर आलं होतं. म्हातारीला बरं वाटलं असतं. मलाही वाटलं असतं.

"माहीत नाही, मावशी," मी म्हणाले. "परत जाऊन बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

"मंग तवर तिथं कोणी नांगर घालू नये म्हंजे झालं," मावशी म्हणाल्या आणि पिशव्या माझ्यापुढे सरकवल्या.